आमची प्रार्थना

चिखलीतल्या आमच्या चर्चच्या फळ्यावर नवं पत्रक लागलं. कुणाही फादरांबद्दल तक्रार असेल तर समितीला कळवा, नाव गुप्त राहील. धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर फादर तिला एकटीलाच का थांबवून घेतात, ते आमच्या बारा वर्षांच्या लेकीनं, प्रिसिलानं, मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. हे चाकणची शिफ्ट करून आले, तेव्हा त्यांच्या कानावर घातलं. बराच वेळ बूट न काढता बसून राहिले. मग म्हणाले, "लिहून दे. नाव नाही सांगणार म्हणतायत ना."

मी लिहून दिलं.

रविवारी मिस्साला तेच फादर वेदीवर होते. समितीचे मोंतेरो सर विनंत्या वाचत होते. आजाऱ्यांसाठी झाली, कंपनीतून कमी केलेल्यांसाठी झाली. प्रत्येक विनंतीला सगळं चर्च म्हणत होतं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

मग सरांनी वाचलं, "खोट्या आरोपांपासून आपल्या फादरांचं रक्षण व्हावं, म्हणून प्रार्थना करू या."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळ्यांबरोबर मीही म्हणून गेले.

 

शेजारी उभी असलेली प्रिसिला माझ्या तोंडाकडे बघत होती.