पालथा कप

भीमराजनं बशी हातात घेतली आणि आधी पालथी केली. नक्षी काय, नंतर बघता येते. बुडाशी निळा मुकुट होता आणि मुकुटाखाली बारीक इंग्रजी अक्षरं. त्यावरून त्यानं हळूच अंगठा फिरवला.

"अस्सल हाय न्हवं, साहेब?" देविदासनं विचारलं. हट्टा गावातल्या आपल्या नव्या स्लॅबच्या घरात सतरंजी अंथरून त्यानं आजोबांच्या वेळचं विलायती सामान मांडलं होतं. बशा होत्या, किटली होती, साखरेचं भांडं होतं. कप मात्र एकही नव्हता.

"अस्सल," भीमराज म्हणाला.

वीज खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस याच गावातल्या सोनाजीचा मुलगा. हिंगोलीत त्याच्या बैठकीत भिंतभर कपाट होतं, जुन्या विलायती चिनी मातीनं भरलेलं. कोकरू कवटाळून बसलेली बाई, सोनेरी साखळीच्या कुत्र्यांची जोडी, काय काय. बायको म्हणायची, लोकं सोनं करतात, आमचे हे मडकी जमवतात! पण एवढं जमवूनही हा निळ्या वेलीचा सेट त्याला कुठल्या बाजारात गावला नव्हता. गावणार कसा? तो इथं होता.

"कप कुठं गेले?"

"फुटले की बाप्पा. पाव्हण्यारावळ्यात वापरून वापरून," दाराशी बसलेली मनकर्णाबाई म्हणाली. ही देविदासची म्हातारी आई.

"एक व्हता. गोठ्याच्या कोनाड्यात. कान तुटलेला," भीमराज म्हणाला.

"त्यो बी कवाच फुटला," म्हातारी घाईनं बोलली.

"फुटला काय, आई? म्हशीचं औषध कालवतो की आपण त्याच्यात!" देविदास हसत उठला. गोठ्यात जाऊन आला, तेव्हा त्याच्या हातात कप होता. घरातले कप मानानं वापरले गेले आणि संपले. घराबाहेर ठेवलेला तेवढा एक शिल्लक राहिला होता.

भीमराजनं तो लगेच ओळखला. लहानपणी बापाच्या मागं मागं या अंगणात आला, की त्याला कपाचं फक्त बूडच दिसायचं. त्यांच्या जातीतल्या माणसानं गोठ्यापाशी बसून प्यायचं, ज्याचा त्यानं धुवायचा आणि कोनाड्यात पालथा घालून ठेवायचा, अशी रीत होती. शाळेत जाण्याआधी त्यानं इंग्रजी अक्षरं पाहिली ती त्या बुडावर. कान नसलेला कप हाताला पोळायचा. सोनाजी तो धोतराच्या सोग्यात धरून प्यायचा आणि पोराकडं बघून उगीच हसायचा. ते हसू भीमराजला उभ्या जन्मात विसरता आलं नाही.

तेवढ्यात सूनबाईनं चहा आणला. ट्रेमध्ये सगळ्यांना सारखेच कप. देविदासच्या घरात आता तसलं काही नव्हतं, हे खरं.

"सगळंच घेऊन जावा, साहेब. नुसतं धूळ खाऊन राहिलंय. आन् ह्यो तुटका तसाच न्या, फुकट."

"तसाच नको," भीमराज म्हणाला. "तुमचा चहा त्याच्यात वता. तेवढा प्या. मंग नेतो."

"म्हशीच्या औषधाच्या कपात?" देविदास मोठ्यानं हसला. तरी माणूस दिलदार, नळावर जाऊन त्यानं कप घासून घासून धुतला, आपला चहा त्यात ओतला आणि चटका बसला म्हणून या हातातून त्या हातात घेत तोंडाजवळ नेला.

"देवा! तोंडाला लावू नगंस!"

म्हातारी अर्धी उठली होती. देविदासचा हात तिथंच थांबला.

"काहून? धुतलाय की, आई."

म्हातारीनं पदर ओठांवर धरला.

"माज्या बापाचा कप हाय त्यो," भीमराज म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "आमच्यासाठी वेगळा काढलेला."

देविदासनं आईकडं पाहिलं, मग कपाकडं. ढाब्यावर कुणाकुणाच्या ताटात जेवलेला माणूस तो! पण आई बघत होती, आणि हात काही वर जाईना. चहावर साय धरली. शेवटी त्यानं कप हळूच सतरंजीवर ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"तवाची रीतच व्हती तशी, भीमराज," म्हातारी पुटपुटली. "तुजा बाप कदी काई बोलला न्हाई."

"न्हाई बोलला."

भीमराजनं कप उचलला आणि गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. उठला, नळावर गेला, कप विसळला आणि गळ्यातल्या उपरण्यात गुंडाळला. बशा, किटली, ज्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला होता ते सगळं सतरंजीवर तसंच राहिलं. त्याकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही.

देविदास गाडीपर्यंत मागं आला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यानं विचारलं, "कुठं ठेवणार, साहेब?"

"कपाटात. सगळ्यात वरच्या फळीवर. पालथा."

"पालथा? येणारा-जाणारा इचारंल की, काहून म्हणून."

भीमराजनं उपरण्याची गाठ मांडीवर घेतली आणि गाडीचं दार ओढलं.

"त्याच्यासाठीच," तो म्हणाला.