बिजागरी

पक्षाघातानंतर बाबांची वाचाच गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना बोलतं करा, पण रक्तदाब वाढू देऊ नका." म्हणून फोनवर कुणी काय अकलेचे तारे तोडलेत, ते घरात वाचायचं नाही, असा आईने नियम केला. दादाने तोंड उघडलं की ती लगेच म्हणायची, "अरे, कपाटाची बिजागरी कुरकुरतेय, बघ जरा." बिजागरीला इतकं तेल मिळालं की कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं.

आज मी बाबांना चित्रांची कार्डं दाखवत होते. कप, चावी, खुर्ची. बाबा नुसते चादरीच्या टोकाशी चाळा करत होते. तेवढ्यात फोन बघता बघता दादा फणकारला, "हा शहाणा म्हणतो, शिक्षकांना काम काय असतं? नुसत्या सुट्ट्या!"

जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाबांचा चेहरा लाल झाला.

"गाढव," ते म्हणाले. "पेपर... याचा बाप... तपासतो?"

दादा घाबरून उठलाच. "आई, मी... बिजागरी बघतो."

आईने त्याला खांद्याला धरून परत खाली बसवलं.



"मरू दे ती बिजागरी! पुढचं वाच."