दुकान तुमचंच आहे

"हे दुकान माझ्या नावावर आहे!" शेवंता मगदूमनं परवाना काउंटरवर आपटला.

"होतं, वहिनी," शेजारचे चौगुले शांतपणे म्हणाले. "उद्घाटनाला पेढा देताना तुम्हीच म्हणालात, 'या, दुकान तुमचंच आहे.' मी 'बरं' म्हणालो. साक्षीकानानं नोंद घेतली."

शेवंतानं भिंतीवरच्या बटणाएवढ्या यंत्राकडे डोळे वटारून पाहिलं. साक्षीकान बसवल्याशिवाय कुठल्याच नव्या धंद्याला परवाना मिळत नव्हता. त्याच्यासमोर एकानं देऊ केलं आणि दुसऱ्यानं होकार दिला, की करार पक्का.

"अहो, तसं सगळेच म्हणतात! तुमच्या बायकोनं 'घर तुमचंच समजा' म्हटलं, तेव्हा मी कपाटाच्या किल्ल्या मागितल्या होत्या?"

"घरात साक्षीकान नसतो."

"मिरची कांडून कांडून माझ्या हातांची आग आग झाली, आणि तुम्ही एक पेढा खाऊन मालक? लाज कशी वाटत नाही?"

तिचा आवाज ऐकून मसाला कांडायला आलेल्या बायका दारात गोळा झाल्या. चौकात आपलं नाव खराब होणार, हे चौगुल्यांना कळलं. त्यांनी ठेवणीतलं हसू काढलं.

"एवढं तापू नका, वहिनी. मी काय परका आहे? बसा. दुकान तुमचंच आहे."

"बरं," शेवंता म्हणाली.

भिंतीवर हिरवा दिवा लागला. "नोंद झाली."

शेवंतानं चौगुल्यांना बाहेरची वाट दाखवली, आणि त्याच संतापात पुठ्ठ्यावर खडूनं लिहून दाराला टांगलं: 'इथे गोड बोलायला सक्त मनाई आहे.'