रहीमचाचांची जीभ

खुलताबादेत रहीमचाचांचं तंबाखूचं दुकान. कडक आणि मऊ पानांचं मिश्रण ते जिभेवर चिमूट ठेवूनच जुळवत. अलीकडं उन्हाळे असे तापायला लागले की पानं शेतातच करपायची आणि तंबाखू जहाल निघायची. मग चाचा मऊ पान वाढवून चव सांभाळायचे. औंदा मात्र कितीही मऊ पान घातलं तरी चिमटीसरशी तोंडाची आग होत होती.

सप्त्यात टाळ धरणारा भिकन कीर्तनाला जाता जाता थांबला. तंबाखू मळून त्यानं दाढेत धरली आणि तोंड वाकडं केलं.

"चाचा, तंबाखू हाय का कडबा? हिच्यावर मी पहिल्याच अभंगाला पेंगंन."

"मजाक नको करू. यंदाचं ऊन उतरलंय पानात. लई भाजतंय."

"मला तर नाय भाजत."

चाचांनी त्याच पुडीतली चिमूट जिभेवर ठेवली. डोळ्यांत पाणी आलं. ती थुंकून ते दारातल्या उजेडात आले.

"भिकन, माझ्या जिभेखाली बघ जरा."

भिकननं बघितलं. गळ्यातले टाळ काढून त्यानं गल्ल्यावर ठेवले.

"शटर वढा, चाचा. घाटी दवाखान्यात जाऊ."