शेवटचं ओलं फडकं

हॅलोविनची संध्याकाळ टेकली, गोळ्या मागायला पोरं दारात येणार, आणि व्हर्नाआजीची सजावटीची भुतं काही उभी राहीनात. पांढरं फडकं खळीत बुडवून बाटलीवर वाळवायचं, मग बाटली काढायची, एवढंच काम. पण बाटली काढली की मेलं भूत बसकण मारायचं.

"आजी, समोरची लोरेटाआजी यंदाही हसणार," नात टेसी म्हणाली.

"हसू दे. तिला कशाला हवीत भुतं? स्वतःच दारात उभी राहिली की झालं!"

चडफडत आजीनं शेवटचं ओलं फडकं टेबलावर आपटलं आणि पडलेली भुतं उचलून केराच्या डब्यात कोंबली. वळून पाहते तर टेबलावर भूत ताठ उभं. डोकं, खांदे, सगळं जिथल्या तिथे.

"याला म्हणतात भूत! बाटली तू घातलीस ना गं?"

"नाही. बाटल्या सगळ्या इथे मोरीत आहेत, मी धुतेय."

आजीनं बोट लावलं. फडकं ओलंचिंब होतं, खळ अजून ठिबकत होती.

"आता आत काय अडकलंय, बघतेच," म्हणत ती कड उचलायला गेली.

कड उचलेना. आतून कुणीतरी ती घट्ट धरली होती.