चौथं दार

“खंडोजी सगळ्यांच्या पुढं जातो. टेहळणी करतो,” दयानंदराव जेवणाच्या टेबलावर वाट्या सरकवत होते. “ही दुसरी वाटी रघुजी. मागं राहून मोडलेल्यांची डागडुजी करतो. हा हर्ष. शत्रूची यंत्रं आंधळी करतो.”

“आणि तुम्ही?” सोयराबाईंनी मिरच्यांची देठं खुडता खुडता विचारलं.

“मी अडवणारा!” चौथी वाटी त्यांनी पिठाच्या डब्याला नेऊन भिडवली. “मोठं जहाज दिसलं की जाऊन चिकटायचं. आपले बाकीचे येईपर्यंत त्याला हलू द्यायचं नाही. मग आपल्या ठिकऱ्या उडाल्या तरी बेहत्तर. उद्या चौथ्या दारानं घुसतोय आम्ही.”

“अगंबाई, या वयात?” सोयराबाई हसल्या. “सरी सरी, कळलं. त्या वाट्या द्या आता. चटणी कुटायचीय. संध्याकाळी मल्लेश्वरमला जाऊन अंबूबाईंना देऊन येते. त्यांच्या पिराजीला फार आवडते.”

एकसष्ट वर्षांचा माणूस बेंगळुरूत चामराजपेटच्या माडीवर बसून अंतराळात लढाया मारतो, याचं गल्लीत हसं व्हायचं. होऊ दे! दयानंदरावांना त्या खेळाचं काडीचं वेड नव्हतं. पडद्यावरचे तारे गरगरले की त्यांना मळमळायचं, मान आखडायची. वेड होतं ते गिरीच्या आवाजाचं.

गिरीराज, त्यांचा एकुलता एक, सहा वर्षांपूर्वी मेलबर्नला गेला. दर रविवारी अकराला त्याचा फोन यायचा. सोयराबाई तो उचलायच्या आणि शेजारच्यांच्या बारशापासून आमटीतल्या मिठापर्यंत पाऊण तास दोघं मायलेकरं बोलायची. मग फोन दयानंदरावांच्या हाती. “अप्पा, औषधं घेता ना?” “घेतो.” “बरं.” संपलं! बापलेकांना त्यापुढं काही सुचतच नसे.

गेल्या दिवाळीत गिरी सहज म्हणाला, “अप्पा, माझ्या पथकात एक जागा रिकामी आहे. येता?” आणि दयानंदराव गेले. मोठी जहाजं श्रीमंतांची. गिरीचं पथक चिमुकल्या, चपळ जहाजांचं, प्रत्येकाचं काम ठरलेलं. तेव्हापासून रविवारी अकरा ते बारा गिरी त्यांच्या कानात असे. “अप्पा, डावीकडं!” “शाबास, अप्पा!” चिडायचा, हसायचा, मधेच ऑफिसातल्या साहेबाच्या नकला करायचा. आख्ख्या आयुष्यात बोलले नव्हते तेवढं दोघं या आठ महिन्यांत बोलले. बारा वाजता तो दमून म्हणे, “अम्माला सांगा, मी बरा आहे.” दयानंदराव न चुकता सांगत.

पण गेले तीन रविवार पथकाची नुसती धूळधाण उडत होती. या खेळात एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडं जायला दारं असतात. कुठल्याही दारानं शिरा, शत्रू तिथंच दबा धरून बसलेला! शत्रूही बेंगळुरूचाच, कन्नडमिश्रित मराठीत टवाळी करणारा. “स्वल्प उशीर झाला की, अण्णा!” असं वर लिहून पाठवायचा. दयानंदरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“आपल्यात कुणीतरी फितूर आहे,” गिरी शुक्रवारी मुद्दाम फोन करून म्हणाला. आवाज उतरलेला होता. “अप्पा, या रविवारीही आपटलो तर मी पथक मोडणार. पुरे झालं.”

पथक मोडलं की पुन्हा “औषधं घेता ना?” आणि “घेतो.” दयानंदराव रात्रभर कुशी बदलत राहिले आणि सकाळी त्यांनीच युक्ती काढली. खंडोजीला सांगायचं पहिलं दार, रघुजीला दुसरं, हर्षला तिसरं. ज्या दाराशी शत्रू सापडेल, त्या दाराचा माणूस फितूर. आणि आयत्या वेळी सगळ्यांना चौथ्या दारानं आत घ्यायचं.

“चौथं फक्त तुला आणि मला ठाऊक,” ते गिरीला फोनवर म्हणाले.

“अप्पा, तुम्ही भलतेच बेरकी निघालात!” गिरी खो खो हसला. दयानंदरावांना दिवसभर ते हसू पुरलं.

रविवारी अकराला पथक जमलं. गिरीच्या सांगण्यावरून खंडोजीनं झटकन तिन्ही दारांवरून फेरी मारली.

“पहिलं मोकळं. दुसरं मोकळं.” थोड्या वेळानं, “तिसरंही मोकळं, अण्णा.”

पोरं बिचारी सच्ची निघाली. दयानंदरावांना हायसं वाटलं, आणि मनातल्या मनात संशय घेतल्याची लाजही वाटली.

“चला, चौथ्यातून!” गिरी ओरडला.

ते शिरले, आणि शिरले तसे घेरले गेले. अकरा जहाजं तोफा रोखून उभी होती. हर्ष गेला, रघुजी गेला. दयानंदराव दात-ओठ खाऊन सगळ्यात मोठ्या जहाजाला जाऊन चिकटले. मळमळ विसरले, मान विसरले. धरून ठेवलं, धरून ठेवलं. पण मदतीला यायला मागं कुणी उरलंच नव्हतं. पडदा पांढरा झाला.



“अप्पा,” गिरी हळूच म्हणाला, “चौथं फक्त आपल्याला माहीत होतं ना?”

“हो रे.”

“जाऊ द्या. खेळच आहे शेवटी. मोडतो पथक. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

दयानंदरावांना पुष्कळ बोलायचं होतं. माझं चुकलं का, पुढच्या रविवारी काय करायचं, तू नुसताच बोलशील का माझ्याशी.

“औषधं घेता ना?” गिरीनं विचारलं.

“घेतो,” ते म्हणाले. आवाज बंद झाला. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

त्यांनी कानावरचं काढून टेबलावर ठेवलं. डोळे भरून आले होते. पाणी प्यावं म्हणून ते स्वयंपाकघराकडं निघाले आणि दाराशीच थबकले. सोयराबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, मोबाईल कानाला, आवाज लगबगीचा.

“ठेवते हं, अंबूबाई. तुमच्या पिराजीला सांगा, चारही रविवारी दार बरोब्बर अडवलंस, शाबास पोरा, आता पुरे. हो हो, गिरीचाच फोन येतोय मधे. मला!”