पिठीचा वास

शांतारामच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कुळीथ, वाल, पावटे सगळंच बंद केलं. त्याच्यासमोर बसून खाताना घास उतरेना, म्हणून त्याच्या बायकोने, तुळसानेही सोडलं. पण अख्खा जन्म कुळथाच्या पिठीवर गेलेला. जीभ ऐकते होय! शेजारचे नाचणकर मुंबईला असतात, त्यांच्या बंद घरात तिन्हीसांजेला दिवा लावायचं काम तुळसाकडे. एकदा दिवा लावून झाल्यावर तिने तिथल्याच शेगडीवर पिठीला लसणीची फोडणी दिली, आणि मग तो रोजचाच नेम झाला.

"तुळसा, त्या बंद घरातनं पिठीचा वास येतोय गो," शांताराम खाटेवरून म्हणायचा.

"भास होतोय तुम्हाला," ती पदराला हात पुसत म्हणायची.

"भास नाय. कोणतरी मला जेवायला बोलावतंय."

पुढे पुढे तो इतका घाबरला की रात्री दिवा मालवू देईना. खरं सांगून टाकावं असं तिला रोज वाटायचं, पण जीभ रेटली नाही. त्या भीतीतच तो गेला.

त्यानंतर तिने पिठीला हात लावला नाही. तेरावं झाल्यावर आज पहिल्यांदाच ती स्वतःच्या घराला कुलूप घालून शेजारी दिवा लावायला आली. तिथली शेगडी थंडगार होती. तिने काडी ओढली, तोच लसणीची फोडणी दिलेल्या पिठीचा खमंग वास आला.



वास तिच्या कुलूप घातलेल्या घरातून येत होता.